वायफाय आहे, प्रिंटर आहे, मग कागद का येत नाही?

घरातल्या प्रिंटरवर जेवढा राग निघतो तेवढा मिक्सरवर किंवा वॉशिंग मशीनवर क्वचितच निघत असेल. खरं तर ज्या कामासाठी तो बनवलाय, म्हणजे कागद ओढायचा आणि त्यावर शाई उमटवायची, ते काम तो बऱ्यापैकी इमानाने करतो. घोडं अडतं ते त्याच्या आधी. फाइल फोनमध्ये आहे, प्रिंटर टेबलावर चालू आहे, वायफायच्या रेघा पूर्ण आहेत आणि स्क्रीनवर मात्र शब्द येतो: ऑफलाइन.

मुलीचं हॉल तिकीट, सातबारा, बँकेत द्यायची आधारची प्रत, शाळेचा प्रोजेक्ट, जे काही असेल ते नेमकं तेव्हाच हवं असतं. मग लोक प्रिंटर बंद-चालू करतात, राउटर बंद-चालू करतात, ॲप काढून पुन्हा टाकतात. कधी जमतं, कधी नाही. जमलं तरी का जमलं ते कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

यूएसबी केबल होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. केबलच्या एका टोकाला कंप्युटर, दुसऱ्या टोकाला प्रिंटर. कोण कोणाशी बोलतंय याबद्दल शंकेला जागाच नाही. केबल काढली की तीन वेगवेगळी कामं उभी राहतात. प्रिंटरला घरच्या वायफायमध्ये शिरावं लागतं. मग फोनला आणि लॅपटॉपला तो सापडावा लागतो. आणि सापडल्यावर उद्या, परवा, पुढच्या महिन्यातही तो त्याच पत्त्यावर असावा लागतो. या तिन्हीपैकी काहीही फिसकटलं तरी कंप्युटर शब्द तोच वापरतो. म्हणून ‘प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय’ एवढं सांगून शेजारचा इंजिनिअर मुलगाही मदत करू शकत नाही. तिघांपैकी कुठे अडलंय ते आधी शोधावं लागतं.

प्रिंटर आपलं दुखणं सांगत नाही ही तक्रार जुनीच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला होता. कागद अडकला की तो गप्प बसायचा आणि दुसऱ्या मजल्यावरून प्रिंट सोडणारा माणूस वाट बघत राहायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बदल करून ‘कागद अडकलाय’ असा निरोप लोकांच्या स्क्रीनवर जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र त्याला कोणी देईना. त्या नकाराची चीड त्याच्या मनात राहिली आणि पुढे १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कोणालाही बघता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा, ‘जीएनयू’ हा प्रकल्प जाहीर केला. प्रिंटरने एवढा मोठा इतिहास घडवला, पण स्वतःचं दुखणं नीट सांगायला तो अजून शिकलेला नाही.

वायफायमध्ये शिरताना

सगळ्यात जास्त संध्याकाळी याच पायरीवर वाया जातात, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच कारणाने. घरचं वायफाय साधारण दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचाचा वेग जास्त, पण भिंत आली की तो लवकर दमतो. अडीचच्या आसपासचा वेगाने कमी, पण दोन खोल्या ओलांडून जातो. फोन आणि लॅपटॉप दोन्ही पट्ट्या वापरतात. घरगुती, स्वस्तातले बरेच प्रिंटर मात्र फक्त २.४ ओळखतात. प्रिंटरला वेगाची गरज नसते, दोन पानांच्या फाइलला लागतो कितीसा वेग, त्यामुळे कंपन्या साधी चिप टाकून चार पैसे वाचवतात. पाचाची पट्टी अशा प्रिंटरच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

हल्ली फायबर कनेक्शनबरोबर जो राउटर बसवून जातात तो बऱ्याचदा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो. कुठलं उपकरण कुठल्या पट्टीवर ठेवायचं हे तो स्वतः ठरवतो. एरवी ही चांगली सोय आहे. पण प्रिंटर बसवताना फोन पाचावर असतो, प्रिंटर फक्त २.४ वर शोधतो, आणि सेटअपचं ॲप म्हणतं, ‘फोन ज्या वायफायवर आहे तेच प्रिंटरला देतो’. काही ॲप हे सांभाळून घेतात, काही तिथेच अडकतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ ची पट्टी दहा मिनिटांपुरती बंद करणं हा यावरचा सरळ उपाय. प्रिंटर एकदा आत आला की ती परत चालू करायची. तो २.४ वर आणि फोन ५ वर असला तरी पुढे काही बिघडत नाही, कारण दोन्ही पट्ट्या एकाच राउटरच्या, एकाच नेटवर्कच्या असतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रिंट काढायच्या वेळी फोनही २.४ वर आणावा लागतो असं समजून ते रोज वायफाय बदलत बसतात. फक्त जोडणीपुरती ती अट आहे.

घरी फायबर नाही आणि फोनच्या हॉटस्पॉटवरच सगळं चालतं, असंही पुष्कळ घरांत असतं. तिथेही हाच घोळ होतो. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड निवडायला मिळतो, तिथे २.४ निवडा. नव्या आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ नावाचं बटण आहे, ते चालू केलं की तो २.४ वर उतरतो. नाव असं दिलंय की त्याचा प्रिंटरशी काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही येऊ नये.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने येताना प्रिंटर आणला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे १ ते १३ असे चॅनल वापरतात, अमेरिकेत १ ते ११. राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडला तर अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेल्या प्रिंटरला तुमचं वायफाय दिसणारच नाही, शेजाऱ्यांची सगळी दिसतील. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ ठरवून टाका. त्याआधी अर्थातच मागच्या चकतीवर व्होल्टेज वाचा. लेझर प्रिंटर फक्त ११० व्होल्टचा असेल तर वायफायपर्यंत गोष्ट जायचीच नाही.

आता पासवर्ड. ज्या प्रिंटरला टच स्क्रीन नाही, दोन ओळींचा हिरवट डिस्प्ले आणि वर-खाली बाण आहेत, त्यावर पासवर्ड भरणं ही तपश्चर्या आहे. बाण दाबत a पासून पुढे जायचं, हवं ते अक्षर आलं की ओके, मग पुढचं. छोटी अक्षरं संपली की मोठी, मग आकडे, मग चिन्हं. @ कुठेतरी शेवटी असतं आणि घाईत एकदा जास्त दाबलं की पुन्हा सगळा फेरा. शेवटचं अक्षर टाकून ओके दाबलं की अर्ध्या मिनिटाने उत्तर येतं, ‘कनेक्शन फेल्ड’. पासवर्ड चुकला, की पट्टी चुकली, की सुरक्षेचा प्रकार जुळला नाही, यातलं काहीही तो सांगत नाही. वायफायच्या नावात मराठी अक्षरं, इमोजी किंवा काही खास चिन्हं असली तरी काही प्रिंटर गोंधळतात. राउटरला साधं इंग्रजी नाव आणि अक्षरं-आकड्यांचा लांब पासवर्ड ठेवला की निम्मा त्रास जातो.

सुरक्षेचा प्रकार म्हणजे डब्ल्यूपीए. त्याची दुसरी आवृत्ती २००४ ची, तिसरी २०१८ ची. नवा राउटर फक्त तिसऱ्या आवृत्तीवर ठेवलेला असेल तर जुना प्रिंटर आत येऊच शकत नाही, पासवर्ड कितीही बरोबर असो. राउटरमध्ये दोन्ही चालतील अशी मिश्र निवड असते, ती ठेवायची.

पासवर्ड टाळायची एक वाट होती: डब्ल्यूपीएस. राउटरचं बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबा, झालं. २००६ साली ही सोय आली तेव्हा लोकांना हायसं वाटलं. पण त्यात आठ आकडी पिनचाही एक पर्याय होता आणि २०११ मध्ये श्टेफान फीबोक या संशोधकाने दाखवून दिलं की राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी जेमतेम अकरा हजार वापरून बघितल्या की पिन सापडतो. मग हळूहळू बऱ्याच जणांनी डब्ल्यूपीएसकडे पाठ फिरवली. अँड्रॉइडने नवव्या आवृत्तीपासून ते काढलं, आयफोनमध्ये तर ते कधी नव्हतंच, आणि बऱ्याच नव्या राउटरवर ते बटण नसतं किंवा बंद असतं. प्रिंटरच्या माहितीपत्रकात मात्र ‘डब्ल्यूपीएस बटण दाबा’ ही पहिली सूचना अजून छापलेली असते. राउटर हातात उलटासुलटा करून बटण शोधणाऱ्यांनो, ते तिथे नसेलच कदाचित.

स्क्रीनच नसलेल्या प्रिंटरमध्ये तिसरी पद्धत असते. नवा प्रिंटर चालू केला की तो स्वतःचंच एक छोटं वायफाय सुरू करतो. फोनने त्याला जोडून घ्यायचं, त्या जोडणीवरून ॲप घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड प्रिंटरच्या कानात सांगतं, मग प्रिंटर स्वतःचं वायफाय बंद करून घरच्यात येतो. कल्पना चांगली आहे. अडचण फोनची. फोनला लगेच कळतं की या वायफायवर इंटरनेट नाही. मग तो मालकाच्या भल्यासाठी गुपचूप मोबाइल डेटावर जातो किंवा जुन्या वायफायवर परततो, आणि ॲप बिचारं प्रिंटरला हाका मारत बसतं. म्हणून हे करताना मोबाइल डेटा बंद ठेवायचा आणि ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी राहू?’ असं फोनने विचारलं की हो म्हणायचं. प्रिंटरचा हा सेटअपचा अवतार काही वेळापुरताच टिकतो. तो संपला असेल तर वायफायचं बटण, मॉडेलप्रमाणे, काही सेकंद दाबून धरून पुन्हा जागा करावा लागतो.

याच टप्प्यावर ॲप लोकेशनची परवानगी मागतं. प्रिंटरला माझा ठावठिकाणा कशाला हवा, अशी शंका येणं साहजिक आहे आणि सावध लोक तिथे ‘नको’ म्हणतात. पण कारण वेगळं आहे. आसपासच्या वायफायची नावं बघितली की माणूस कुठे आहे ते ओळखता येतं, म्हणून अँड्रॉइडने ती नावं वाचण्याच्या कामाला लोकेशनचं कुलूप लावलं. परवानगी नाकारली तर ॲपला प्रिंटरचं वायफाय दिसतच नाही. सेटअपपुरती परवानगी द्यायची, नंतर काढून घ्यायची.

सापडायचं कसं

समजा प्रिंटर आत आला. निळा दिवा स्थिर झाला. आता फोनला तो दिसायला हवा.

यासाठी जी रीत वापरतात तिचा एक चेहरा म्हणजे ॲपलचं बॉन्जूर. फोन सगळ्या घराला उद्देशून एक प्रश्न सोडतो, ‘इथे प्रिंट करणारं कोणी आहे का?’ नेटवर्कमधला प्रत्येक प्रिंटर तो ऐकतो आणि आपलं नाव-गाव सांगतो. मधे कोणी नोंदवही ठेवणारा नाही, कसलं रजिस्ट्रेशन नाही. २०१० च्या नोव्हेंबरात आयफोनमध्ये एअरप्रिंट ही थेट फोनवरून प्रिंट काढायची सोय आली ती याच्याच जोरावर. पुढे २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया नावाची संघटना काढली आणि अँड्रॉइडलाही तसंच वळण लावलं. म्हणून आज बऱ्याच प्रिंटरना ड्रायव्हरची सीडीही लागत नाही आणि एकदा वायफाय लागलं की कंपनीचं ॲपही लागत नाही. फोटो उघडा, शेअर, प्रिंट. ते ॲप खातं उघडायला सांगतं, शाईची वर्गणी गळ्यात मारायला बघतं, त्याला सेटअपनंतर खुशाल रजा द्या. काही मॉडेलना मात्र खातं आणि सततचं इंटरनेट या अटीच असतात; ते खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

मेख अशी की हा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच नेटवर्कच्या कुंपणात फिरतं. कुंपणाबाहेर जात नाही. आणि आपल्या घरांत एकाहून जास्त कुंपणं असतात हे आपल्याला माहीतच नसतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे हेच झालं. हॉलमध्ये फायबरवाल्याने बसवलेला राउटर, त्याचं वायफाय बेडरूमपर्यंत पोचेना म्हणून मुलाने दुसरा राउटर आणून आत लावला. प्रिंटर हॉलच्या वायफायवर, काकांचा लॅपटॉप बेडरूमच्या. “अहो, पण दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालतंय की!” हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. दोन्ही राउटर इंटरनेट देत होते, पण प्रत्येकाने आपापलं वेगळं नेटवर्क मांडलं होतं. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत होता, प्रिंटरचा १९२.१६८.१ ने. तिसऱ्या आकड्यातला हा फरक म्हणजे दोन वेगळी कुंपणं. अशा मांडणीत आतल्या राउटरवरून बाहेरच्या प्रिंटरला पत्ता टाकून कागद पाठवता येतो, पण तो आपोआप सापडत नाही. आणि उलट असेल, म्हणजे प्रिंटर आतल्यावर आणि फोन बाहेरच्यावर, तर तेही नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो निवडला की दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडणं थांबवतो, फक्त पहिल्याचं वायफाय पुढे नेतो. काकांचा प्रिंटर त्यानंतर लगेच दिसायला लागला.

गेस्ट वायफाय हीदेखील अशीच गोष्ट. पाहुण्यांना इंटरनेट मिळावं पण घरातली उपकरणं दिसू नयेत, हाच त्याचा हेतू, त्यामुळे तिथे जोडलेला प्रिंटर कोणाला दिसत नाही. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर मुख्य वायफायवरही तेच होतं. पीजीत आणि होस्टेलवर हे बहुतेक चालूच असतं, शिवाय ब्राउझरमध्ये लॉगिन मागणारं वायफाय असतं आणि प्रिंटरला ते लॉगिन करता येत नाही. तिथे वायफाय प्रिंटरच्या नादी लागू नये.

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट, चालू असेल तर बऱ्याचदा लॅपटॉपची सगळी वाहतूक ऑफिसकडे वळते आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर नाहीसा होतो. व्हीपीएन तोडा, प्रिंट काढा, परत जोडा. विंडोजने तुमचं घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं असेल तर त्याची फायरवॉल शोधाशोध अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करायचं. आयफोनमध्ये २०२० पासून घरच्या नेटवर्कवर उपकरणं शोधणारं प्रत्येक ॲप ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागतं. पहिल्याच दिवशी घाईत नाही म्हटलं असेल तर कंपनीच्या ॲपला प्रिंटर कधीच दिसणार नाही, आणि ते परत विचारणारही नाही. सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावं लागतं.

काल चालत होता, आज नाही

हा प्रकार सगळ्यात चीड आणणारा. कोणी काही हात लावलेला नाही, आणि सकाळी प्रिंटर ऑफलाइन.

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो, आयपी ॲड्रेस. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता असतो. लॉजच्या काउंटरवर जसं रिकामी असेल ती खोली देतात तसंच. तोच पाहुणा पुढच्या आठवड्यात आला तर बहुतेक वेळा तीच खोली मिळते, पण तसा काही हक्क नसतो. आता तुमचा लॅपटॉप खोलीचा नंबर पाठ करून बसला असेल आणि प्रिंटर दुसऱ्या खोलीत गेला असेल, तर लॅपटॉप जुन्याच दारावर टकटक करत राहतो. उत्तर आलं नाही की ऑफलाइन.

आपल्याकडे हे वारंवार घडतं त्याचं एक कारण वीज. लाइट जाते, राउटर इन्व्हर्टरवर असतो, प्रिंटर नसतो. लेझर प्रिंटर तर इन्व्हर्टरवर ठेवूही नये, शाई वितळवून बसवणारा त्याचा रोलर एका झटक्यात भरपूर वीज खेचतो. किंवा दोन्ही बंद पडतात आणि लाइट आल्यावर प्रिंटर आधी जागा होतो. फायबरच्या राउटरला सगळं सुरू करून उभं राहायला काही मिनिटं लागतात. तोवर प्रिंटर वायफाय शोधून दमलेला असतो, आणि काही मॉडेल एकदा हिरमुसली की पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. म्हणून लाइट आल्यावर राउटर पूर्ण सुरू होऊ द्यायचा आणि मग प्रिंटर बंद करून चालू करायचा. उलट क्रमाने काही साधत नाही.

पत्ता बदलण्यावरचा पक्का इलाज राउटरमध्येच आहे. ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाचं पान शोधा. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कारखान्यातून आलेला त्याचा क्रमांक, आणि हवा तो आयपी पत्ता लिहून ठेवला की राउटर त्याला दर वेळी तोच देतो. पाच मिनिटांचं काम आहे. घरच्या प्रिंटरसाठी एकच गोष्ट करायची असेल तर मी ही करायला सांगेन.

विंडोजवाल्यांसाठी अजून दोन कोपरे. प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ नावाचा टॅब असतो. तिथे प्रिंटरसमोर डब्ल्यूएसडी लिहिलेलं दिसलं तर विंडोज त्याला दर वेळी शोधून काढण्याच्या भरवशावर आहे. प्रिंटर गाढ झोपलेला असला की हा भरवसा फोल ठरतो. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट’ घालून वर राखून ठेवलेला पत्ता लिहिला की भानगड मिटते. त्याच पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी खूण असते. विंडोज या वाटेने प्रिंटरची तब्येत विचारतं, आणि उत्तर नीट आलं नाही तर धडधाकट प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतं. ती खूण काढली की पुष्कळदा प्रिंटर ‘बरा’ होतो.

नक्की कुठे अडलंय ते कसं कळणार

ॲप काढून टाकण्याच्या आधी प्रिंटरकडून एक पान छापून घ्या. नेटवर्कच्या माहितीचं पान जवळपास प्रत्येक प्रिंटर छापतो. कुठे i लिहिलेलं बटण असतं, कुठे वायफायचं बटण धरून ठेवावं लागतं, कुठे मेनूत ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन’ असतं. इंग्रजीत खच्चून माहिती असते, पण त्यातल्या दोनच ओळी वाचायच्या.

पहिली एसएसआयडी, म्हणजे वायफायचं नाव. तिथे तुमचं नाव आहे की जुन्या राउटरचं, गेस्टचं, की शेजाऱ्याचं, ते बघा. कंपनी बदलली, नवा राउटर आला, आणि प्रिंटर अजून जुन्याच नावाची वाट बघत बसलाय, हे फार घडतं. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला तर बहुतेक उपकरणं मुकाट्याने जोडली जातात.

दुसरी ओळ आयपी ॲड्रेसची. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, काही घरांत १० ने, तर राउटरने पत्ता दिलाय. शिरकाव झालेला आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून काहीच मिळालेलं नाही आणि प्रिंटरने वेळ निभावायला स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. नुसती शून्यं असतील तर तो जोडलेलाच नाही. या दोन्ही वेळी लॅपटॉपवर कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही, बिघाड प्रिंटर आणि राउटर यांच्यातला आहे.

पत्ता नीट दिसला तर तो फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका, म्हणजे १९२.१६८.१.७ असा काहीतरी, अर्थात इंग्रजी आकड्यांत. बहुतेक वायफाय प्रिंटरच्या पोटात एक छोटं वेबपान असतं. ब्राउझर कदाचित ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून घाबरवेल. स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या प्रिंटरच्या पत्त्यासाठी पुढे जायला हरकत नाही. शाई किती उरली, कागद आहे का, असं पान उघडलं तर वायफाय, राउटर, प्रिंटर सगळं ठणठणीत आहे आणि दोष बहुतेक तुमच्या कंप्युटरच्या सेटिंगमध्ये आहे: पोर्ट, ड्रायव्हर, किंवा रांगेत अडकून बसलेली जुनी फाइल. अडकलेली फाइल डिलीट होत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट करावा. पान उघडलंच नाही आणि पत्ता मात्र बरोबर आहे, तर मधे कुंपण आहे, म्हणजे दुसरा राउटर, गेस्ट, आयसोलेशन किंवा व्हीपीएन. दहा मिनिटांत तीन कामांपैकी नेमकं कुठलं बिघडलंय ते समजतं, आणि शेजारच्या मुलालाही काहीतरी कामाचं सांगता येतं.

केबलची लाज कशाला

माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. घरात एकच कंप्युटर असेल आणि प्रिंटर त्याच्या शेजारीच ठेवायचा असेल, तर यूएसबी केबल लावावी आणि वरचं सगळं विसरावं. वायफायचा प्रिंटर घेतला म्हणून तो वायफायवरच चालवला पाहिजे असा काही कायदा नाही. खोक्यात केबल हल्ली बऱ्याचदा नसते, मग वेगळी घ्यावी लागते. प्रिंटरकडचं टोक चौकोनी असतं, दुकानात ‘प्रिंटरची केबल’ म्हटलं की देतात. आणि अधूनमधून फोनवरून एखादं पान काढायचं तर वायफाय डायरेक्ट आहे, म्हणजे प्रिंटरच्याच छोट्या वायफायला फोन थेट जोडायचा; राउटर मधे येतच नाही. तेवढ्यापुरतं फोनचं इंटरनेट जातं, तेवढं सोसावं.

कोणी म्हणेल, मग घरी प्रिंटर हवाच कशाला, कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे की. आहे, आणि महिन्याला दोन-चार पानंच काढणाऱ्याला तो स्वस्तही पडतो, कारण वापर नसला की इंकजेटची शाई नळीच्या तोंडाशी वाळते. पण आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं आणि ते त्याच्या कंप्युटरवर तसंच पडून राहतं, हे ज्याला खटकतं त्याने घरी प्रिंटर घ्यावा.

घेताना दुकानदार मिनिटाला किती पानं ते सांगत असतो. तुम्ही खोक्याची बाजू फिरवून बघा. ‘ड्युअल बँड’ किंवा २.४ आणि ५ असे दोन्ही आकडे आहेत का, लॅनची तार लावायला जागा आहे का, आणि पासवर्ड टाकायला निदान टच स्क्रीन आहे का. लॅनची जागा असेल तर राउटरच्या शेजारीच प्रिंटर ठेवून तारेने जोडा. घरातल्या सगळ्या फोनना तो तरीही दिसतो, आणि प्रिंटरला वायफायचा पासवर्ड द्यायची वेळच येत नाही.